डिटॉक्स डाएट : शरीर खरंच ‘साफ’ होतं का? सूरत-खानदेशच्या घरांसाठी रोजच्या सवयींची सविस्तर माहिती

सूरत : चंदी पडव्याची घारी, मागोमाग दिवाळीचा फराळ आणि त्यानंतर लग्नसराई. सूरतमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत हे तीन महिने खाण्याचे असतात. मग संक्रांत उलटली की मोबाईलवर दुसराच मारा सुरू होतो. ‘सात दिवसांत पोट साफ’, ‘लिव्हरची धुलाई’, ‘तीन दिवस फक्त ज्यूस’. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत राहणारी खानदेशी मंडळी असोत की नवापूर, नंदुरबार, शहाद्याकडची, हे संदेश दोन्हीकडे सारखेच फिरतात. त्यातलं खरं किती, धोक्याचं काय आणि रोजच्या जगण्यात करण्यासारखं काय, याची ही माहिती.

डिटॉक्स म्हणजे नेमकं काय?

डॉक्टरांच्या भाषेत या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. दारू किंवा अमली पदार्थांचं व्यसन सोडवताना रुग्णाला देखरेखीखाली ठेवून शरीरातून तो अंमल उतरवणं, याला डिटॉक्स म्हणतात. शिसं, पारा असे धातू अंगात गेले तर औषधं देऊन ते बाहेर काढणं हाही त्याच प्रकारातला उपचार. दोन्ही कामं दवाखान्यातच होतात.

बाजारातलं डिटॉक्स वेगळं आहे. त्यात लिंबू-मध पाणी, दुधी-पालक-बीटाचे रस, पावडरी, ‘डिटॉक्स टी’, पायाला लावायच्या पट्ट्या, दोन-चार दिवसांचे कडक उपास असं बरंच काही येतं. गंमत अशी की यातल्या जाहिराती ‘टॉक्सिन’ हा शब्द दहा वेळा वापरतात, पण नेमकं कोणतं विष, किती होतं आणि किती निघालं, हे एकदाही सांगत नाहीत. ब्रिटनमधल्या ‘सेन्स अबाउट सायन्स’ या संस्थेच्या तरुण संशोधकांनी २००९ मध्ये अशा १५ वस्तूंच्या कंपन्यांना आणि विक्रेत्यांना हाच प्रश्न विचारला होता. कोणालाच समाधानकारक उत्तर देता आलं नाही.

शरीराची सफाई कोण करतं?

हे काम दिवसरात्र चालू असतं आणि त्याला सुट्टी नाही.

- यकृत : प्रौढ माणसाचं यकृत साधारण सव्वा ते दीड किलोचं असतं. मिनिटाला जवळपास दीड लिटर रक्त त्यातून फिरतं. औषधं, दारू, शरीरात तयार होणारा अमोनिया यांचं रूपांतर करून ते बाहेर टाकण्याजोगं करणं हे त्याचं काम.
- मूत्रपिंडं : दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग शरीर परत घेतं आणि दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडते.
- फुप्फुसं : श्वासावाटे कार्बन डायऑक्साईड बाहेर टाकतात.
- आतडी : न पचलेला भाग आणि यकृताने पित्तावाटे सोडलेली घाण मलातून बाहेर नेतात.

घामातून मात्र मुख्यतः पाणी आणि मीठ जातं. जाड कपडे घालून घाम काढला तर वजनकाट्यावर फरक दिसतो, पण तो पाण्याचा असतो. दोन पेले पाणी प्यायलं की परत तेवढंच.

म्हणजे ‘साफ’ करायला बाहेरून काही आणायची गरज नाही. गरज आहे ती हे अवयव बिघडू न देण्याची. त्यांना खऱ्या अर्थाने बिघडवणाऱ्या गोष्टी म्हणजे वाढलेली साखर, वाढलेलं रक्तदाब, दारू, तंबाखू, पोटाचा घेर आणि मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या.

मग डिटॉक्स केल्यावर बरं का वाटतं?

बरं वाटतं हे खोटं नाही. पण त्याचं कारण वेगळं आहे. त्या चार दिवसांत माणूस दारू घेत नाही, तळलेलं खात नाही, वडापाव-लोचो बंद असतो, पाणी जास्त पितो, लवकर झोपतो. एवढं केलं तर कुठलीही पावडर न घेताही बरंच वाटेल.

वजन उतरण्याचा हिशोबही समजून घेण्यासारखा आहे. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखरेचा साठा असतो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. दोन-तीन दिवस पोटभर खाल्लं नाही की हा साठा संपतो आणि दीड-दोन किलो वजन कमी झालेलं दिसतं. चरबी त्यात थोडीच असते. चौथ्या दिवशी वरणभात-पोळी सुरू झाली की काटा जागेवर येतो, आणि ‘डिटॉक्स सोडलं म्हणून वजन वाढलं’ असं वाटून माणूस पुन्हा तोच डबा घ्यायला जातो.

संशोधन काय सांगतं?

ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी बाजारी डिटॉक्स आहारांवरचे उपलब्ध अभ्यास तपासून २०१५ मध्ये आढावा प्रसिद्ध केला. हे आहार शरीरातली विषं काढतात हे दाखवणारी नीट घेतलेली तुलनात्मक चाचणी त्यांना सापडली नाही.

उपासाचं समर्थन करताना नोबेल पारितोषिकाचा दाखलाही दिला जातो. जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये वैद्यकाचं नोबेल मिळालं हे खरं. पेशी आपल्याच आतले जुने, खराब भाग कसे मोडून वापरतात, याची यंत्रणा त्यांनी उलगडली. पण त्यांचं ते मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं होतं. ‘माणसाने अमुक तास उपाशी राहिलं की विष जातं’ असं ते पारितोषिक सांगत नाही.

आपल्याकडची जुनी पद्धत वेगळी कशी?

‘मग आपले उपास, पंचकर्म, निसर्गोपचार सगळं फोलच का?’ असं कोणी विचारेल. तसं नाही. फक्त त्यांची आणि डबाबंद डिटॉक्सची गल्लत करू नये.

पंचकर्मात वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण ही पाच कर्मं येतात. त्याआधी स्नेहन-स्वेदनाची तयारी असते, नंतर हळूहळू आहार वाढवायचा क्रम असतो, आणि प्रकृती, वय, ऋतू पाहून वैद्य ठरवतो की हे करायचं की नाही. घरच्या घरी व्हिडिओ बघून मिठाचं पाणी पिऊन उलटी काढणं म्हणजे पंचकर्म नव्हे.

निसर्गोपचाराचा तर सूरतशी थेट धागा आहे. पुण्याजवळच्या उरुळी कांचनला महात्मा गांधी १९४६ च्या मार्चमध्ये गेले आणि तिथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. त्यांनी ज्याच्यावर ही जबाबदारी टाकली ते मणिभाई देसाई सूरत जिल्ह्यातल्या कोसमाडा गावचे. १९२० चा जन्म, म्हणजे तेव्हा वय जेमतेम पंचविशी-सव्विशीचं. मणिभाई आयुष्यभर उरुळीतच राहिले. १९६७ मध्ये त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था उभी केली, संकरित गाई आणि शेतीच्या कामातून गावांच्या उत्पन्नाकडे लक्ष दिलं, १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सूरतच्या माणसाने महाराष्ट्रात रुजवलेल्या या आश्रमाचा मूळ विचार साधा होता : गरिबाला परवडेल असा उपचार, म्हणजे ऊन, पाणी, माती, साधं जेवण, स्वच्छता, शिस्त. विकत घ्यायची पावडर त्यात कुठेच नव्हती.

धोका कुठे आहे?

‘नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार?’ हा समज महागात पडू शकतो.

- कडू दुधीचा रस : दुधी, काकडी, दोडका कडू लागला तर त्यात कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं. २०१० मध्ये दिल्लीत दुधीचा कडू रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. रस कडू लागला तर एक घोटही घेऊ नये. प्यायल्यावर उलटी, जुलाब, पोटात कळ सुरू झाली तर लगेच दवाखाना गाठावा.
- गुळवेल आणि काढे : करोनाकाळात घरोघरी गुळवेल सुरू झाली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या आणि यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि तशीच दिसणारी दुसरी वनस्पती वापरली गेली असू शकते, असं म्हटलं. वाद तज्ज्ञांचा आहे, पण घेणाऱ्यासाठी धडा एकच : ओळख न पटलेली वेल तोडून रोज काढा पिऊ नये, आणि यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.
- पालक-बीटाचे रोजचे रस : दोन्हींत ऑक्झलेट भरपूर. भाजी म्हणून खाल्लं तर ठीक. पण रोज मोठा पेला भरून रस घेतला तर मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांना अडचण होते.
- कमरख : किडनीच्या रुग्णाला हे फळ थोडंसंही बाधू शकतं. त्यातलं द्रव्य बाहेर टाकता न आल्याने उचकी, गोंधळलेपण, झटके येतात.
- रेचकं : ‘कोठा साफ’ करायला वारंवार जुलाबाचं औषध घेतलं की पाण्यासोबत सोडियम-पोटॅशियमही जातं. अशक्तपणा येतो, हृदयाचे ठोके बिघडतात.
- अति पाणी : थोड्या वेळात चार-पाच लिटर पाणी पोटात ढकललं तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. डोकं दुखणं, मळमळ, भोवळ आणि टोकाला झटके.
- बिनलेबलच्या भस्म-पावडरी : अमेरिकेतल्या बोस्टन भागात विकल्या जाणाऱ्या दक्षिण आशियाई बनावटीच्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. विष काढायला घेतलेल्या पुडीतूनच विष आत, असा उलटा प्रकार.

मधुमेह, लठ्ठपणा अशा आजारांवर हमखास उपायाची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मना आहे. त्यामुळे ‘महिन्यात शुगर मुळापासून बंद’ असा दावा दिसला की तिथेच सावध व्हावं.

यांनी डिटॉक्सच्या वाटेला जाऊच नये

१. सिकलसेलचे रुग्ण. नंदुरबार, तापी, डांग, वलसाड, नवसारी, सूरत या आदिवासी पट्ट्यात हा आनुवंशिक आजार आहे. अंगातलं पाणी कमी झालं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनेचा झटका येतो. निर्जळी उपास, जुलाब, घाम काढणं, तिन्ही इथे घातक. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. कुटुंबात कोणाला आजार असेल तर बाकीच्यांनीही सरकारी केंद्रात तपासणी करून घ्यावी.

२. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे. जेवण बंद आणि गोळी चालू, असं झालं की साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, बेशुद्धी.

३. रक्तदाब, हृदय आणि किडनीचे रुग्ण. नारळपाणी, फळांचे रस यांत पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल तर ते साठतं. रक्त पातळ करण्याची जुनी गोळी घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे रस अचानक वाढवू नयेत, कारण त्यातल्या ‘के’ जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो.

४. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, वाढती मुलं, अशक्त वृद्ध.

५. रोज दारू पिणारे. ‘उद्यापासून बंद आणि तीन दिवस फक्त लिंबूपाणी’ हा निश्चय ऐकायला चांगला, पण बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबवलं तर झटके आणि भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. दारू सोडायचीच, पण डॉक्टरांच्या हाताखाली.

सूरतच्या ताटाचा हिशोब

‘सूरतचं जेवण आणि काशीचं मरण’ ही म्हण गुजरातेत घरोघरी आहे. ते जेवण सोडा असं सांगून कोणी ऐकणार नाही, आणि गरजही नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवी आहार मार्गदर्शक तत्त्वं दिली. दिवसाला साधारण २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांचं ताट असं आहे : धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. अंगमेहनत जास्त असेल तर धान्य-डाळ वाढते.

तेलाचा आकडा घरात लावून बघावा. माणशी २७ ग्रॅम, घरात चार माणसं, म्हणजे दिवसाला १०८ ग्रॅम, महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास. १५ किलोचा डबा अशा घरात साडेचार महिने जायला हवा. तो दोन महिन्यांत संपत असेल तर डिटॉक्स डब्यापासूनच सुरू करावं. शेवभाजीवरचा तेलाचा तवंग, लोचोवर ओतलेलं तेल, रविवारची भजी, सगळं यातच मोजायचं.

चांगली गोष्ट ही की खानदेश आणि दक्षिण गुजरात, दोन्हीकडच्या जुन्या ताटात हवं ते सगळं आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम तंतू असतो, पॉलिश तांदळात ३ ग्रॅमहूनही कमी. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असल्याने प्रथिनंही मिळतात. नागलीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. भाजलेल्या वांग्याचं भरीत, अंबाडी-मेथीची भाजी, ताक, मठ-मुगाची उसळ हे सगळं स्वस्त आणि पोट साफ ठेवणारं. सूरतेत हिवाळ्यात तापीकाठी मिळणारा पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच. तो मनसोक्त खावा, सोबतची शेव मात्र चिमूटभर. उंधियोत पापडी, कंद, वांगी अशा भाज्या खूप, फक्त तेल हाताने मोजून घालावं. घारी सणाला एक तुकडा वाटून खावी, महिनाभर पुरवू नये.

रोजच्या दहा सवयी

१. पाणी तहानेप्रमाणे, दिवसभर विभागून. लघवी फिकट पिवळी असेल तर पुरेसं आहे असं समजावं.

२. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा. त्यात पापड, लोणचं, फरसाण, शेव सगळं आलं.

३. चहात साखर अर्धी. दिवसाला पाच कप होत असतील तर निव्वळ चहाच पाच-दहा चमचे साखर पोटात घालतो.

४. चहा आणि जेवण यात तासाभराचं अंतर. जेवणाबरोबरच्या चहाने लोह नीट शोषलं जात नाही.

५. फळ चावून खावं. रस काढला की तंतू जातो, साखर राहते.

६. तळणाचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा उकळू नये.

७. आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चाल, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास.

८. रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी. झोप सात तास तरी.

९. तंबाखू, गुटखा, मावा बंद. २०१२ पासून महाराष्ट्र आणि गुजरात दोन्हीकडे गुटख्यावर बंदी आहे, तरी पुड्या मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. यकृत ‘धुवायच्या’ आधी ही पुडी फेकलेली बरी.

१०. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटीमीटर आणि बायकांचा ८० च्या वर गेला असेल तर लक्ष द्यायची वेळ झाली.

लूम आणि डाइंगमध्ये काम करणाऱ्यांसाठी

सूरतेत मराठी माणूस मोठ्या संख्येने यंत्रमाग, डाइंग-प्रिंटिंग मिल आणि मार्केटच्या कामात आहे. बारा तासांची पाळी, रात्रपाळी, उकाडा. त्याला ज्यूसचा उपास सांगणं म्हणजे थट्टाच. त्याच्यासाठी गोष्टी वेगळ्या.

गूळ खाल्ला की छातीतली धूळ-कस्तर साफ होते, असा समज कारखान्यांत जुना आहे. गूळ पोटात जातो, फुप्फुसात नाही. धूळ अडवायची तर नाकातोंडावर नीट बसणारा मास्क हवा. रंग आणि रसायनं हाताळताना हातमोजे, आणि डबा उघडण्याआधी साबणाने हात धुणं, हेच खरं डिटॉक्स. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांत धुवू नयेत. पाळीवर छातीत जखडल्यासारखं होत असेल, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त होत असेल, तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगावं. ईएसआय कार्ड असेल तर दवाखाना त्यावर होतो. नसेल तर न्यू सिव्हिल किंवा महापालिकेचं स्मीमेर रुग्णालय आहेच.

रात्रपाळीला मुख्य जेवण पाळीला निघण्याआधी करावं. मध्यरात्री भजी-सामोशाऐवजी दाणे-फुटाणे, केळं, ताक. घरी आल्यावर खोली अंधारी करून झोप. उकाड्यात घाम खूप जात असेल तर लिंबू-मीठ घातलेलं ताक चांगलं. जुलाब लागले तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं प्यावं; ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तमच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सकाळी कोमट लिंबूपाणी घ्यावं का?* आवडत असेल तर घ्यावं. पाणी आणि ‘सी’ जीवनसत्त्व मिळतं. चरबी वितळत नाही. मध घातला तर ती साखरच आहे, मधुमेहींनी मोजावी.

*एकादशीचा उपास चालेल का?* तब्येत चांगली असेल तर जरूर. पण साबुदाणा खिचडी, तळलेले वेफर्स आणि दाण्याचे लाडू खाल्ले तर तो रोजच्या जेवणापेक्षा जड पडतो. भगर, ताक, राजगिरा, फळं बरी.

*फॅटी लिव्हर निघालं, आता लिव्हर टॉनिक?* आधी वजन, साखर आणि दारू. वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरलं तरी यकृतातली चरबी बऱ्यापैकी कमी होते.

*पोट रोज साफ होत नाही, काय करावं?* पाणी, भाकरी, पालेभाजी आणि चालणं वाढवावं. इसबगोल चालतो, भरपूर पाण्यासोबत. शौचातून रक्त, विनाकारण वजन घट किंवा सवयीत अचानक बदल असेल तर टाळाटाळ न करता तपासणी करावी.

सूरत शहराचा स्वतःचा धडा

सप्टेंबर १९९४ मध्ये सूरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यात खानदेशात परतलेली कुटुंबंही होती. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या काळात शहर पालटलं. ते एका मोहिमेने नाही. रोजची झाडलोट, रोजचा कचरा उचलणं, गटारं, पाणी आणि अधिकाऱ्यांनी रोज रस्त्यावर उतरून केलेली पाहणी. पुढे २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सूरत इंदूरसोबत पहिल्या क्रमांकावर आलं.

शरीराचंही तसंच आहे. वर्षातून सात दिवस धुलाई आणि बाकी दिवस कचरा, याने काही साधत नाही. डोळे पिवळे होणं, पायावर सूज, लघवी कमी होणं किंवा गडद होणं, सतत थकवा, पोट फुगणं यातलं काही दिसलं तर रस-काढ्यांत दिवस न घालवता डॉक्टरांकडे जावं. आणि काहीच त्रास नसेल तर आज रात्रीच्या भाजीत एक पळी तेल कमी घालून सुरुवात करावी.

(ही माहिती सर्वसाधारण जाणिवेसाठी आहे. चालू औषधं किंवा आहारात बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)